मोजलंय का?

वापरलेला बोर्ड गेम विकायला काढणारा माणूस बहुधा खोटं बोलत नसतो. त्यानं फक्त मोजलेलं नसतं. खोका कपाटावरून खाली येतो, झाकण उघडून आत एक नजर टाकली जाते, पट दिसतो, कार्डांचा गठ्ठा दिसतो, सोंगट्यांची पिशवी बऱ्यापैकी फुगलेली दिसते, आणि जाहिरातीत लिहिलं जातं, 'पूर्ण संच'. नंतर घेणाऱ्यानं अमुक कार्ड नाही म्हणून कळवलं की विकणारा अगदी मनापासून चकित होतो. "आमच्याकडे तर सगळं होतं हो!" असेलही. शेवटचा डाव कधी मांडला होता ते मात्र आठवत नाही.

मला या भाबड्या मंडळींचीच जास्त धास्ती वाटते. लबाडाला काय लपवायचं ते ठाऊक असतं, त्यामुळे नेमका प्रश्न आला की तो जरा तरी अडखळतो. न मोजणारा प्रत्येक प्रश्नाला निर्धास्तपणे 'हो' म्हणतो.

बरं, 'दोन-तीन वस्तू कमी आहेत' एवढं सांगूनही भागत नाही. कुठल्या, हे महत्त्वाचं. मोनोपॉलीतल्या चार नोटा गेल्या तर चिठ्ठ्या कापून काम चालतं. टिकिट टू राइड या रेल्वेमार्ग जोडायच्या खेळात प्रत्येक रंगाचे ४५ प्लॅस्टिकचे डबे लागतात आणि खोक्यात थोडे जादाचे दिलेले असतात. म्हणजे 'एक लाल डबा सापडत नाही' असं बिचकत सांगणाऱ्याचा संच खेळण्यापुरता पूर्णच निघतो. उलट शब्द जुळवायचं इंग्रजी स्क्रॅबल घ्या. अक्षरांच्या १०० टाइल, त्यांतल्या दोन कोऱ्या. गुण शून्य. खेळ ठाऊक नसलेल्याला वाटतं, तिच्यावर काही लिहिलेलंच नाही, हरवली तर हरवली. खेळणारा मात्र पिशवीत हात घालताना तीच हाताला लागावी म्हणून मनातल्या मनात नवस बोलत असतो, कारण ती कुठल्याही अक्षराच्या जागी चालते.

मोनोपॉलीची घरंही तशीच फसवी. ती ३२ असतात, आणि बँकेकडची घरं संपली की कुणी परत करेपर्यंत थांबायचं, असा नियमच आहे. मुरलेले खेळाडू हॉटेल बांधायचं टाळून मुद्दाम घरं अडवून बसतात. सहा घरं कमी असली तर खेळ बंद पडत नाही, पण ही टंचाई वेळेआधीच येऊन बसते. त्यांच्या जागी हाताला येतील तेवढी बटणं ठेवली तर टंचाई कधी येतच नाही. दोन्ही वेळा आपण वेगळाच खेळ खेळत असतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

सगळ्यांत वाईट अवस्था क्लूडोची, म्हणजे खून कुणी, कशानं आणि कुठल्या खोलीत केला ते ताडायच्या खेळाची. २१ कार्डं: सहा संशयित, सहा हत्यारं, नऊ खोल्या. तीन गुपचूप लिफाफ्यात जातात, तेच कोड्याचं उत्तर; उरलेली १८ वाटली जातात. आता समजा, ग्रंथालयाचं कार्ड आधीच्या मालकाच्या सोफ्याखाली राहिलंय. मन लावून खेळणारा पुन्हा पुन्हा ग्रंथालय विचारतो; कुणाकडेच ते नाही. कागदावर बाकीच्या बऱ्याच खोल्यांवर फुल्या पडत जातात, आणि तो ठामपणे आरोप करतो. लिफाफा उघडून पाहतो तर आत स्वयंपाकघर! बिचारा बाद. तर्क बिनचूक, आणि तरी हार त्याचीच. घरचे त्यालाच वेड्यात काढतात, कार्ड मोजायचं कुणाला सुचत नाही.

आणि संख्या बरोबर भरली म्हणजे झालं, असंही नाही. गठ्ठ्यातलं एकच कार्ड दुमडलेलं असेल तर दोन डावांत सगळ्यांना ते पाठीवरून ओळखू येतं. मोजायला ते आहे, पण लपून राहणं हे जे त्याचं काम, त्याला ते मुकलेलं आहे. टवका उडालेली टाइल पिशवीतल्या पिशवीत बोटांना कळते. 'पूर्ण' लिहिणाऱ्यानं एवढंही पाहिलेलं असावं, अशी माझी अपेक्षा. जास्त आहे का? असू दे.

मोजण्याचं काम तसं कंटाळवाणं नाही. नियमपुस्तिकेच्या सुरुवातीच्या पानांवर बहुधा यादी असते. चादरीवर सगळं ओतायचं, रंगवार वेगळं करायचं, पाच-पाचच्या ओळी लावायच्या. मग खोक्यातला प्लॅस्टिकचा साचा उचलून खाली बघायचं. निम्म्या हरवलेल्या वस्तू तिथेच निघतात. एखादा फासा, रबरबँडचा वाळलेला तुकडा, कुणाच्या तरी अक्षरातला गुणांचा कागद.

अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं दुखणं मांडलं होतं: घेणाऱ्याला चांगली-वाईट गाडी ओळखता येत नाही, म्हणून तो सरासरी भाव देतो, आणि मग चांगल्या गाडीवाल्याला विकणंच परवडत नाही. खेळांचंही तेच. तासभर बसून मोजणाऱ्याला आणि झाकण उघडून मिटणाऱ्याला भाव सारखाच. म्हणून 'मोजलंय, एक पिवळी सोंगटी नाही, बाकी यादीप्रमाणे' असं कुणी लिहिलं असेल तर मी घासाघीस करत नाही. ज्यानं उणीव शोधून काढली, त्यानं बाकीचं पाहिलंय हे उघड आहे.

२०११ सालच्या रिस्क लेगसीसारख्या खेळांनी तर मोजणीचीच पंचाईत केली. त्यात खेळता खेळता पटावर स्टिकर लावायचे, नावं लिहायची, कार्डं चक्क फाडायची. तिथे किती डाव झालेत एवढंच विचारायचं.

अदलाबदलीत कधी कधी वाटतं, दोन अपुरे संच घेऊन एक पूर्ण करावा. होतोही. टाइलला टाइल जोडून नकाशा मांडायच्या कारकासोन या खेळाच्या ७२ टाइल अशा जमवता येतात. फक्त त्या पालथ्या ठेवून उचलायच्या असतात, आणि दोन निरनिराळ्या छपाईंच्या टाइलच्या पाठींची छटा जुळेलच असं नाही. आकडा बरोबर ७२ भरतो, तरी पुढे विकताना ही जोडाजोडही लिहावी लागते.