बयो काय खाते?

तुम्ही विचारलंत म्हणून सगळं नीट सांगते. "काकू, तुमचं कासव खातं काय?" हा प्रश्न मला सोसायटीत आठवड्यातून एकदा तरी येतोच. लिफ्टमध्ये वेळ नसतो, मग मी "गोळ्या आणि पाला" एवढंच सांगून मोकळी होते. पण ते अर्धं उत्तर आहे, आणि तेवढ्यावर विसंबून कुणी कासव घरी आणलं तर त्या जिवाचे हाल होतील. माझ्या कासवीचे, बयोचे, तसे झालेच होते.

सहा वर्षांपूर्वी आमच्या इमारतीतलं एक कुटुंब घर सोडून गेलं. जाताना त्यांनी काचेचा एक वाडगा जिन्याजवळ ठेवला होता. त्यात चार बोटं हिरवट पाणी आणि त्यात ती. कवच जेमतेम नऊ सेंटिमीटर, अंगठ्यानं किंचित दाबलं तर दबत होतं. दोन्ही डोळे सुजून गच्च मिटलेले. शेजारी सुकवलेल्या कोळंबीची बाटली होती. दुकानात 'कासवाचं खाणं' म्हणून विकतात ती. वर्षानुवर्षं तिला तेवढंच मिळालं होतं.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं: डोळे सुजलेत ते अ जीवनसत्त्व न मिळाल्यानं, आणि कवच मऊ पडलंय ते कॅल्शियम आणि ऊन न मिळाल्यानं. औषध त्यांनी दिलं. खाऊ घालणं माझ्याकडे. कासव खाणं शोधतं ते मुख्यतः डोळ्यांनी, आणि हिचे तर डोळेच मिटलेले. शिवाय बयोच्या जातीचं कासव (रेड-इअर्ड स्लायडर, पाण्यात राहणारं) पाण्याबाहेर घास गिळू शकत नाही, म्हणून हातावर भरवायचीही सोय नाही. मी कोमट पाण्याच्या टबात तिला ठेवून तोंडापाशी काहीबाही हलवत बसायचे. एकोणीस दिवस तिनं तोंड उघडलं नाही.

विसाव्या दिवशी सासूबाई उठल्या. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि ते पाळणाऱ्या त्याच. त्यांनी जास्वंदीची कुंडी खुरप्यानं उकरली, एक गांडूळ काढलं, धुतलं आणि माझ्या हातात दिलं. "ती काय आपल्या पंक्तीला बसणार आहे का? तिचं अन्न तिला दे." गांडूळ वळवळत बयोच्या नाकाला लागलं आणि तिनं ते ओढलं. आम्ही दोघी त्या टबापाशी रडलो. आणखी दहा दिवसांनी तिचा उजवा डोळा उघडला.

आता खाण्याचं. पिल्लू असताना या कासवांना मांसाहार जास्त लागतो, मोठी झाली की पाला जास्त. बयोला आता एक दिवसाआड कासवांच्या गोळ्या मिळतात, तिच्या डोक्याच्या आकाराएवढ्याच, आणि पाला रोज. जास्वंदीची पानं-फुलं, ॲझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती), किसलेलं गाजर, लाल भोपळा. जलपर्णीची पानंही ती आवडीनं खाते, पण मुळा-मुठेतली तोडून आणू नका, ते पाणी कसं आहे ते आपण जाणतो. पालक नको, कारण त्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शियम अंगी लागू देत नाही. काकडीत पाण्याखेरीज फारसं काही नाही. भात, पोळी, दूध, फरसाण यांतलं काहीही नको. कॅल्शियमसाठी मी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेसाचा (माकूळ या समुद्री जिवाच्या पाठीतल्या चुनखडी कवचाचा) तुकडा आणून पाण्यात सोडते, ती तो कुरतडत राहते. आणि मागेल तेवढं कधीच घालायचं नाही. हे कासव भूक नसतानाही मागतं, माणूस दिसला की पोहत काचेपाशी येतं.

पण उन्हाशिवाय हे सगळं खाणं फुकट जातं. अन्नातलं कॅल्शियम हाडात आणि कवचात उतरायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते तयार होतं उन्हातल्या अतिनील किरणांनी. खिडकीची काच हे किरण अडवते. "आमच्याकडे टाकी खिडकीतच असते" असं लोक सांगतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. बयोला सकाळी वीस-पंचवीस मिनिटं बाल्कनीत उघड्या उन्हात ठेवते, अर्ध्या टबावर सावली करून. मी तिथून हलत नाही, कारण घारी आणि कावळे टपलेलेच असतात. पावसाळ्यात यूव्हीबीचा, म्हणजे हेच अतिनील किरण देणारा, दिवा लावते. तो दिसायला जळत राहिला तरी वर्षभरात त्यातले किरण मंदावतात, म्हणून वेळेवर बदलावा लागतो. टाकीत कोरडं बसायला एक उंचवटा हवाच.

पाण्याचा अंदाज असा: कवचाच्या दर इंचाला साधारण 40 लिटर. म्हणजे वाडगा नाहीच. मी तिला वेगळ्या टबात खायला घालते, त्यानं टाकी कमी घाण होते. पुण्याची डिसेंबरची थंडी तिला सोसत नाही. पाणी गार पडलं की पचन थांबतं आणि खाल्लेलं पोटात कुजतं, म्हणून हीटर लावून पाणी 25 अंशांच्या आसपास ठेवते. आणि हाताळल्यावर साबणानं हात धुवायचेच, लहान मुलांनी तर नक्की. या कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. अमेरिकेत याच कारणानं चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला 1975 सालीच बंदी आली.

"मग पाषाणच्या तळ्यात का नाही सोडत? पुण्य लागेल." हाही प्रश्न असतोच. बयो मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या जातीची आहे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जातींच्या यादीत ही जात आहे. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यातही ती पोचली आहे. आपली कासवं ज्या जागी ऊन खातात, जे खातात, ते ही बळकावते. आणि आपल्या देशी कासवाला घरात ठेवणं हा 1972च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. तसं सापडलं तर वन विभागाला 1926 वर कळवा. शुभ म्हणून, पैसा येतो म्हणून तर कुठलंच विकत आणू नका. एक विकत घेतलं की दुकानदार दुसरं मागवतो.

सासूबाई म्हणायच्या, कासवी पिल्लांना नुसत्या नजरेनं पोसते. प्रत्यक्षात कासवी अंडी मातीत पुरते आणि निघून जाते. पण नजर ठेवायची सवय मला त्या बोलण्यानंच लागली. डोळे टपोरे आहेत का, पोहताना एका बाजूला कलते का, नाकातून बुडबुडे येतात का, हे मी रोज सकाळी चहाच्या आधी पाहते.

ही कासवं तीस-चाळीस वर्षं जगू शकतात. मी आज अठ्ठावन्न वर्षांची आहे. भाचीनं "मी सांभाळेन" म्हटलंय, तेव्हापासून मी वही लिहायला घेतली आहे: गोळ्यांचं माप, दिव्याची तारीख, डॉक्टरांचा पत्ता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाची येते आणि आम्ही बयोला स्वयंपाकघरापासून वेगळ्या ठेवलेल्या काट्यावर ठेवतो. या वेळचा आकडा तिनंच वहीत लिहिला: 1 किलो 120 ग्रॅम.