तणनाशक मारताना किट अंगावर राहावं म्हणून

पाऊस सरला की कलमांखाली कमरेएवढं रान माजतं. बहुतेक ग्रासकटरनेच काढतो, पण गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेला पातं सारखं दगडाला लागतं, तेवढ्या पट्ट्यात तणनाशक मारावं लागतं. पंप पाठीवर घेतात ते आमचे जुने गडी. मी त्यांना काका म्हणते. 2017 मध्ये यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तो विषय काढला की काकांचं उत्तर ठरलेलं: "ते किडीचं औषध होतं ताई, हे गवताचं." पॅराक्वाटही गवताचंच, पण पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, हे सांगितल्यावर ते जरा गप्प झाले.

डब्यासोबत दुकानातून अंगाला औषध लागू नये म्हणून जे किट मिळालं त्यातले हातमोजे झाकण फिरवतानाच फाटले. कापडी किंवा चामड्याचे औषध शोषून धरतात, म्हणजे नसलेले बरे. नायट्राइलचे, म्हणजे औषध न शोषणाऱ्या कृत्रिम रबराचे, वेगळे आणले. गमबुटांचं काही अडलं नाही, रत्नागिरीत मच्छीच्या धंद्यामुळे ते कुठेही मिळतात. गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि औषध कालवताना प्लॅस्टिकचा एप्रन.

हे सगळं आलं, आणि थोड्याच वेळात काकांचा गॉगल कपाळावर चढला. "ह्याच्यात माणूस उकडून निघतो ओ!" खोटं नव्हतं. ऑक्टोबरातला आपल्याकडचा उकाडा काय असतो ते किट बनवणाऱ्याला कुठलं माहीत? रागावून काही होणार नव्हतं, म्हणून वेळ बदलली. सकाळी दव सुकलं की सुरुवात करायची, समुद्रावरून येणारा खारा वारा सुटायच्या आत पंप खाली. वाऱ्याचं गणित काकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरुणपणी ते होडीवर जायचे. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पडला की खारा सुटेपर्यंत हवा बरीच शांत असते, तुषार अंगावर येत नाहीत. ही गोष्ट त्यांनी लगेच उचलली. आता वारा फिरला की तेच काम थांबवतात, मला सांगावं लागत नाही.

खरा धोका फवारण्यात कमी, कालवण्यात जास्त. डब्यातलं औषध निव्वळ असतं, पंपातलं पाणी घातलेलं. म्हणून माप घेताना एप्रन, मोजे, गॉगल यांना सूट नाही, आणि जागा विहिरीपासून लांब. पँट गमबुटाच्या बाहेर ठेवायची, नाहीतर ओघळ थेट बुटात उतरतो. शर्टाची बाहीही मोज्याच्या वरून, कारण लान्स, म्हणजे पंपाचा फवारायचा दांडा, खाली धरलेला असतो. मोजे हातातून काढायच्या आधी धुवायचे. नोझल तुंबलं की काका तोंडाने फुंकत. ती सवय सुटेना, तेव्हा पंपालाच एक जुना टूथब्रश आणि जादा नोझल बांधून टाकलं. मधेच तंबाखू मळणं मात्र अजून पूर्ण सुटलेलं नाही. त्यावर आमची रोजची हुज्जत आहे.

रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओततो आणि डब्याला भोकं पाडतो. नाहीतर असले डबे हमखास संडासात पाण्याला लागतात.

फवारणीचे कपडे काकी घरच्या कपड्यांत भिजवायच्या, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आता त्यांना वेगळी बादली दिली आहे, आणि धुताना घालायला मोज्यांची एक जोडी काकींनी स्वतः मागून नेली.