काळी भुकटी, तपकिरी भुकटी : आमची वाटचाल

आमचं युनिट आर्वी तालुक्यातल्या एका गावात, आमच्याच वावराला लागून आहे. पूर्वी त्या खोलीत कापूस भरायचो. आता तिथे लोह, कोबाल्ट आणि जस्त यांच्या ऑक्साइडची नॅनो भुकटी तयार होते आणि कॉलेजांच्या प्रयोगशाळांत जाते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी पाच वर्षं बुटीबोरीला नोकरी केली आणि २०१६ मध्ये गावी परतलो. "तुयी माती कोन घेते रे?" असं बाबांनी तेव्हा विचारलं होतं.

बाबांचा 'माती' हा शब्द अगदीच चुकीचा नव्हता. लहानपणी जुन्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक नाल्याच्या रेतीतून फिरवलं की त्याला काळ्या कणांची दाढी यायची. आपल्या काळ्या दगडातून झिजून आलेला मॅग्नेटाइट तो, म्हणजे लोहाचं काळं, चुंबकाला चिकटणारं ऑक्साइड. आम्ही तेच खनिज भांड्यात बनवतो, फक्त कण असतो साधारण १० नॅनोमीटरचा. इतका बारीक की चुंबक जवळ आणलं तर झेपावतो आणि दूर नेलं की चुंबकत्व विसरून पुन्हा पाण्यात मोकळा होतो.

रीत सोपी आहे. फ्रान्सच्या मासार यांनी १९८१ मध्ये ती रूढ केली. फेरिक क्षार दोन भाग, फेरस क्षार एक भाग (लोहाचीच दोन रूपं; हवा लागली की फेरसचं फेरिक होतं), आणि त्यात अमोनिया. नारिंगी द्रावण डोळ्यांदेखत काळंकुट्ट होतं. साहित्य कुणालाही मिळेल. खरा धंदा आहे तो पाणी किती गरम, अमोनिया थेंबाथेंबाने की एकदम, आणि भांड्यात हवा किती शिरली याचा. हे मला नोकरीत कळलं नव्हतं. ते मला एका परत आलेल्या मालाने शिकवलं.

मे महिना होता. बाहेर ४५ अंश. मोठी ऑर्डर घाईघाईत पूर्ण केली. भांड्यातली हवा बाहेर ठेवणाऱ्या नायट्रोजनचं सिलिंडर मध्येच संपलं, तरी ढवळणं थांबवलं नाही. धुतलेला लगदा उघड्या ट्रेमध्ये ओव्हनला लावला. भुकटी चुंबकाला छान चिकटत होती. नागपूरहून एक्स-रे तपासणीचा आलेखही चांगला आला होता. तरी महिन्याभरात डबा परत आला, चुंबकत्व ग्रॅममागे ५० ईएमयूच्याही (चुंबकत्व मोजायचं एकक) खाली असल्याच्या शेऱ्यासह. मी आलेख घेऊन वाद घालायच्या तयारीत होतो. आमच्याकडे काम करणाऱ्या वहिनींनी जुन्या बॅचची पुडी नव्याशेजारी कागदावर ओतली आणि म्हणाल्या, "भाऊ, हे काळं नाही हो, कॉफीच्या रंगाचं हाय."

उत्तर तिथेच होतं. हवेतल्या ऑक्सिजनने मॅग्नेटाइटमधलं फेरस लोह खाल्लं होतं आणि त्याचं मॅघेमाइट, म्हणजे लोहाचंच तपकिरी ऑक्साइड, झालं होतं. दोघांची रचना एकाच धाटणीची, म्हणून एक्स-रेच्या रेषा जवळजवळ एकाच जागी पडतात. मॅघेमाइट चुंबकाला चिकटतंही. पण मोठ्या स्फटिकांत मॅग्नेटाइटचं संपृक्त, म्हणजे जास्तीत जास्त, चुंबकत्व ग्रॅममागे सुमारे ९२ ईएमयू, तर मॅघेमाइटचं सुमारे ७६. नॅनो कणांत पृष्ठभागावरच्या अणूंची विस्कटलेली घडी ते आणखी घटवते. हीच भुकटी पुढे जोरात तापवली असती तर हेमाटाइट हे लोहाचं आणखी एक ऑक्साइड होऊन लाल झाली असती आणि चुंबकाने तिच्याकडे जवळपास पाहिलंही नसतं. आम्ही पैसे परत केले. आता पाण्यातून आधी अर्धा तास नायट्रोजन सोडतो आणि लगदा निर्वात ओव्हनमध्ये कमी आचेवर सुकवतो. विहिरीचं पाणी तर पहिल्याच वर्षी सोडलं. त्यातला चुना भुकटीवर पांढरा बसायचा.

माझं सगळ्यात आवडतं काम मात्र झिंक फेराइटचं, म्हणजे जस्त आणि लोह यांच्या एकत्रित ऑक्साइडचं. जस्त-लोहाची नायट्रेट आणि सायट्रिक आम्ल यांची जेली तव्यावर तापवत नेली की एका काठाला ठिणगी पडते आणि ती विस्तवाची रेघ सरसर पलीकडे जाते. मागे उरते ती फुललेली हलकी राख. वहिनी तिला "बुढीचे बाल" म्हणतात. मोठ्या, नीट बसलेल्या स्फटिकात जस्त चार ऑक्सिजन अणूंच्या मधल्या जागा घेतं आणि लोह सहांच्या मधल्या. अशा झिंक फेराइटला साधं चुंबक ओढत नाही. पण ही राख घाईत जन्मलेली असते. त्यात काही लोह जस्ताच्या जागी बसतं, काही जस्त लोहाच्या जागी जातं. मग दोन्ही प्रकारच्या जागांवरचं लोह एकमेकांशी बांधलं जातं आणि भुकटी चुंबकाकडे सरकते. फेराइटमधल्या या दोन जागांच्या विरुद्ध चुंबकत्वाचा हिशेब लुई नील यांनी १९४८ मध्ये मांडला. त्यांना १९७० चं नोबेल मिळालं. तो हिशेब मी पुस्तकात वाचला होता, पण आर्वीच्या तव्यावर तो हलताना पाहिला तेव्हा रात्रभर झोप आली नाही.

म्हणून आता प्रत्येक डब्यासोबत आम्ही वहीतलं पान जोडतो : तापमान, पीएच, ढवळण्याचा वेग, भट्टीतले तास, त्या दिवशी वीज गेली की नाही हेसुद्धा. काही गिऱ्हाइकांना हे जास्तीचं वाटतं. मला वाटतं, त्या पानाशिवाय डबा देणं म्हणजे अर्धाच माल देणं.

सध्या एका कॉलेजने झिंक फेराइटच्या एकाच राखेचे तीन भाग मागितले आहेत, ४००, ६०० आणि १००० अंशांवर भाजलेले. जास्त आच मिळाली की जस्त आणि लोह आपापल्या जागी परततात, म्हणजे मुलांना चुंबकाची ओढ कमी होत गेलेली हातानेच कळेल. पहिले दोन काल गेले. तिसरा आज रात्री. हजार अंशांची भट्टी आमच्या इन्व्हर्टरवर चालत नाही, त्यामुळे लाइट टिकून राहते त्या वेळी, अकरानंतर, ती लावायची आहे.