तुम्ही विचारलंत म्हणून: रीमॅप केला की वॉरंटी जाते का?

नवी टर्बो पेट्रोल गाडी दारात उभी राहिली की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. "स्टेज वन रीमॅप करून घ्यायचाय, वॉरंटीचं काय?" रीमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं (ईसीयू) सॉफ्टवेअर, म्हणजे मॅप, बदलून ताकद वाढवणं; स्टेज वन म्हणजे बाकी पार्ट न बदलता केलेला. अख्ख्या गाडीची वॉरंटी त्याने जायला नको. दाराच्या काचेची मोटर बिघडली तर तिचा इंजिनाच्या मॅपशी काही संबंध नाही, ती वॉरंटीत बदलून मिळायलाच हवी. पण रीमॅपचा ताण ज्यांच्यावर पडतो ते इंजिन, टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्स हेच सगळ्यात महागडे भाग, आणि क्लेम अडतो तो त्यांचाच. म्हणून आधी एवढं ठरवा: यातलं काही गेलं तर स्वतःच्या पैशाने बदलायची तयारी आहे का?

बरेच जण अमेरिकेतल्या मॅग्नसन-मॉस या वॉरंटीविषयक कायद्याचा दाखला देतात. १९७५ चा तो कायदा तिथला आहे, इथे चालत नाही. आपल्याकडे वॉरंटी बुकलेटमधल्या अटी लागू होतात आणि वाद झालाच तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. बुकलेटमध्ये "मूळ रचनेत बदल" आणि "कंपनीने मान्य न केलेले पार्ट" अशा अर्थाचं कलम जवळपास हमखास असतं. ते शब्दन् शब्द वाचा.

आता खरा मुद्दा, टॉर्कचा. लोक हॉर्सपॉवरचा आकडा विचारतात, पण क्लच आणि गिअरबॉक्स मारतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हियाचं १.५ टीएसआय इंजिन घ्या. १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर. त्याला जोडलेला सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) म्हणजे ड्राय क्लचचा डीक्यू२००, आणि त्याची क्षमताही २५० न्यूटन-मीटरच. कारखान्यातून गाडी निघते तेव्हाच तो मर्यादेला टेकलेला असतो. वर रीमॅपने आणखी पन्नासेक न्यूटन-मीटर चढवले की चढावर, वरच्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग त्या मानाने वाढत नाही. क्लच घसरतोय, तापतोय. अशा गिअरबॉक्सवर वॉरंटी चालू असताना रीमॅप करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ट्यूनरला पहिला प्रश्न हा विचारा: "टॉर्क किती न्यूटन-मीटरवर बांधणार, आणि कोणत्या आरपीएमपासून?" नुसतं "गाडी उडेल" असं उत्तर मिळालं तर तिथून निघा.

आरपीएम विचारण्यामागे कारण आहे. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जास्त बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) दिला तर स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. तो दणका पिस्टनवर बसतो आणि रिंगांमधली कड तडकते. चांगला ट्यूनर दीड-दोन हजार आरपीएमपर्यंत टॉर्क मुद्दाम आवरता ठेवतो. तुम्हीही सहाव्या गिअरमध्ये पंधराशेवर पाय पूर्ण दाबू नका, आणि कंपनीच्या स्पेसिफिकेशनचंच तेल वापरा. ज्या ऑक्टेनवर मॅप बनलाय त्याखालचं पेट्रोल भरलंत तर इंजिन नॉक करतं (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसतात), ईसीयू स्पार्कचं टायमिंग मागे घेतो आणि वाढवलेली ताकद तिथेच संपते.

"सर्व्हिसच्या आधी स्टॉक (कंपनीचा मूळ) मॅप परत टाकला तर कळेल का?" अनेक ईसीयूंमध्ये किती वेळा प्रोग्रामिंग झालं याचा काउंटर असतो. मूळ फाइल परत टाकली की फाइल जुळते, काउंटर मागे जात नाही. सेन्सरच्या मध्ये लावायचा ट्यूनिंग बॉक्स काढून ठेवता येतो, पण फॉल्ट कोडसोबत त्या क्षणाचे बूस्टचे आणि तापमानाचे आकडे साठलेले असू शकतात. आणि लपवून क्लेम करणं मुळातच चुकीचं आहे. उलटही घडतं: सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट टाकला की तुमचा रीमॅप पुसला जातो. म्हणून मूळ फाइल आणि ट्यून केलेली फाइल, दोन्हींची प्रत मागून घ्या.

रीमॅप सोडून इतर बदलांचंही बघू. एअर फिल्टर निरुपद्रवी वाटतो, पण तेल लावायच्या कॉटन फिल्टरमध्ये एक खोच आहे. धुतल्यावर तो पूर्ण वाळू द्यायचा, घड्यांवर तेलाची बारीक रेघ ओढायची, वीसेक मिनिटं मुरू द्यायचं, जास्तीचं टिपायचं. घाईत तेल जास्त झालं की ते हवेबरोबर जाऊन एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं. सेन्सर हवा कमी मोजतो, पेट्रोल कमी पडतं, चेक इंजिन लागतो. असा सेन्सर वॉरंटीत बदलून मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. बंपरमागे खाली उतरवलेला इनटेक तर कोकणात किंवा मुंबईच्या पावसात नकोच. पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर नसेल तर विमाही सहसा हात वर करतो.

वायरिंगचं नुकसान सगळ्यात स्वस्त कामातून होतं. हॉर्न, फॉग लॅम्प, स्क्रीन लावताना दुकानात वायर सोलतात, पिळतात, काळी टेप गुंडाळतात. दोन पावसाळ्यांत टेप सुटते, तांबं हिरवं पडतं. पुढे कोणताही इलेक्ट्रिकल बिघाड झाला तरी सर्व्हिस सेंटर त्या टेपकडेच बोट दाखवतं. कपलर-टू-कपलर हार्नेस (मूळ सॉकेटमध्येच बसणारा वायरिंगचा संच) घ्या, दिव्यांना रिले आणि वेगळा फ्यूज द्या, डॅशकॅमला फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेत बसणारा जोड) वापरा. वायर कापू देऊ नका.

टायर एक पायरी रुंद करायला हरकत नाही, बाहेरचा व्यास तीन टक्क्यांच्या आत ठेवा. १८५/६५ आर१५ च्या जागी २०५/६० आर१५ बसवला तर फरक एक टक्क्याच्या आतच राहतो. मात्र रिम फार बाहेर काढलं तर व्हील बेअरिंगचा क्लेम विसरा.

धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका. त्यात वॉरंटीच्या पलीकडचं बरंच काही आहे; मागच्या दुचाकीवरचं माणूस तो धूर घेतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

बदल केलेला असूनही असंबंधित पार्टचा क्लेम नाकारला, तर तोंडी नकारावर परत येऊ नका. कोणता पार्ट, कोणत्या बदलामुळे, कोणत्या तपासणीवरून, हे लेखी मागा. जॉब कार्ड आणि स्कॅन रिपोर्टची प्रत घ्या, जुना पार्ट फेकू देऊ नका, त्याचे फोटो काढा. मग कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा. तिथेही दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या गाडीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. बदल कधी आणि कुठे केला, हे तक्रारीत स्वतःहून लिहा.