पत्र्यावरचा चुना

"काय मॅडम, किती डिग्री कमी केलंत सोलापूरचं ऊन?" लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत. परवा तर दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, माझं तोंड उघडं असताना. शहराच्या हवामान आराखड्यावर काम करते म्हटलं की हाच प्रश्न आणि मागोमाग हसू. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगून टाकते: एकही नाही.

पेपरात येतो तो आकडा माझ्या हातातला नाहीच. तो वेधशाळेच्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीतला, सावलीतला. शिवाय सपाट मुलखात उष्णतेची लाट म्हणायला पारा ४० ला पोचून वर सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त हवा, नाहीतर थेट ४५. आपली मे महिन्याची सरासरीच चाळिशीच्या आसपास. म्हणजे ४३ ला आपण भाजून निघत असतो तेव्हा नियमाप्रमाणे लाट आलेलीच नसते. सरासरी कमी म्हणून पुण्याला तेवढ्याच पाऱ्यात लाट येऊन गेलेली असते.

हे मी दरवेळी तावातावानं सांगते. समोरचा गप्प बसतो, मलाही बरं वाटतं. पण ती पेटी मला लपायलाही उपयोगी पडते, हे आधी कधी बोलले नव्हते.

पहिल्या वर्षी मी अहमदाबादचा उन्हाळ्यासाठीचा आराखडा समोर ठेवून काम केलं. २०१० च्या उन्हाळ्यात तिथं उन्हानं फार माणसं दगावली, त्यानंतर २०१३ मध्ये त्यांनी तो केला. चांगलाच आहे. त्यावरून मी एक पत्रक लिहिलं. चौथी ओळ: दुपारी १२ ते ४ घरातच थांबा. गठ्ठा घेऊन पूर्व भागात गेले, तेही दुपारी दोनला. स्वतःचीच ओळ मोडून.

एका पत्र्याच्या खोलीत एक अक्का विड्या वळत बसली होती. मांडीवर सूप, त्यात जर्दा, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. डोक्यावर पंखा होता, पण बंद. मी शहाणपणानं म्हटलं, "अक्का, पंखा लावा की."

"तंबाखू उडतोय की हो बाई."

नातीनं पत्रक वाचलं, तेलुगूत सांगितलं. अक्काचे हात थांबले नाहीत. चौथ्या ओळीला तिनं मान वर केली. "मग मी कुठं हाय?"

"बाहेर लिंबाखाली तरी बसा थोडा वेळ," मी म्हटलं.

"तिथं पान वाळतंय. वाळलं की फुटतंय. फुटलेली विडी कारखान्यात कोण घेतंय?"

पिशवीतला थर्मामीटर काढून खोलीत धरला. पारा बाहेरच्यापेक्षा वर गेला. तिनं विचारलं किती, मी आकडा सांगितला. "हां," म्हणाली, जणू भाजीचा भाव ऐकला. दहा मिनिटांत मला बसवेना. ती सकाळपासून बसलेली. उरलेला गठ्ठा न वाटताच परत आणला आणि ऑफिसात सांगितलं, वाटप झालं.

(ही शेवटची गोष्ट आजवर कुणाला माहीत नव्हती.)

पुढच्या वर्षी त्याच बोळात पत्र्यांवर चुना मारला. पांढरा पत्रा ऊन परतवतो, यात नवं काही नाही. पोरं ओरडली, "आम्हाला चुना लावायला आलेत बे!" मीही हसले. दुपारी आतून पत्र्याला हात लावून पाहिला, हात ठेवता येत होता. त्या दिवशी मी घरी पुरणपोळी केली, खरंच.

मग वळवाचा पाऊस आला. चुन्यात चिकटायला काही घातलं नव्हतं. स्वस्तात बसवायचं म्हणून ते मीच वगळलं होतं. सगळा चुना पत्र्यावरून ओघळला आणि अक्काच्या दारातल्या उघड्या पिंपात उतरला. नळाला पाणी रोज येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. ती चिडली असती तर सोपं गेलं असतं. तिनं एवढंच विचारलं, "नळ कधी येतोय, बाई?" ते मला माहीत नव्हतं. ते माझ्या खात्यात येत नाही, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

तेव्हाची मी म्हणेल, एका पिंपासाठी सगळी कल्पना मोडीत काढतेस का? नाही काढत. पत्रा थंड होता, हात लावून पाहिलाय. पण त्या पाण्याचं काय, याला तेव्हाच्या माझ्याकडे उत्तर नाही, आणि आताच्या माझ्याकडेही नाही.

यंदाच्या पत्रकातून चौथी ओळ काढली. तिच्या जागी तीन वेळा काहीतरी लिहिलं, तीनदा खोडलं. छापखान्यातून फोन आला, "मॅडम, तिसऱ्यानंतर एकदम पाचवा नंबर आलाय." राहू दे म्हटलं.

चुना यंदाही मारला, या वेळी डिंक घालून. अक्कानं शिडी लावू दिली. पण आम्ही वर चढायच्या आधी तिनं पिंपावर झाकण ठेवलं आणि त्यावर पाटा.