लायना ते लेक प्लॅसिड: कॉर्नेलच्या हॉकी हंगामामागे

न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाला, कॉर्नेल विद्यापीठाच्या गावी, आइस हॉकी बघायला जाणार असाल तर शुक्रवार-शनिवार दोन्ही धरूनच जा. कॉर्नेलच्या लीगमध्ये सामने बहुधा जोडीनं होतात, शुक्रवारी एक पाहुणा संघ आणि शनिवारी दुसरा. पहिल्या रात्री खेळ समजायला लागतो, आरोळ्या पाठ होतात. खरी मजा दुसऱ्या रात्री येते.

आम्ही राहतो न्यू जर्सीत. भाचा कॉर्नेलमध्ये शिकतो, त्याच्यामुळे मला या संघाचं वेड लागलं आणि 2024-25 चा हंगाम मी जमेल तिथे जाऊन बघितला. हा हंगाम साधा नव्हता. प्रशिक्षक माइक शेफर 1995 पासून हा संघ सांभाळत होते आणि हा त्यांचा तिसावा, शेवटचा हंगाम आहे हे आधीच जाहीर झालं होतं. स्वतः कॉर्नेलकडून खेळलेला, पदवी घेऊन गेलेला आणि प्रशिक्षक म्हणून परत आलेला हा माणूस. त्याच्या निरोपाच्या वर्षी संघ काय करतो याकडे सगळ्या गावाचं लक्ष होतं.

आधी रस्ता. इथाकाला रेल्वे जात नाही. न्यूयॉर्कहून बस आहेत, साडेचार-पाच तास घेतात. गाडीनं आमच्याकडून सरळ मार्ग म्हणजे 80 नंबरचा हायवे, मग 380, स्क्रँटनवरून 81 आणि बिंगहॅम्टनच्या पुढे व्हिटनी पॉइंटला उतरून 79 नंबरचा रस्ता. हा शेवटचा तासाभराचा टप्पा दुपदरी, वळणाचा आणि रात्री काळाकुट्ट असतो. जानेवारी-फेब्रुवारीत तिकडे बर्फाची सर अचानक येते. म्हणून सामना सातचा असला तरी आम्ही उजेडातच पोचायचो. विंडशील्डचं पाणी भरून घ्या, डिकीत एक फावडं आणि घोंगडी टाका. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असली की वाटेत थांबावं लागत नाही. डाउनटाउनमध्ये उतरलात तर टेकडीवर चढायला टीकॅट या स्थानिक सेवेची बस आहे. बर्फ पडलेला असताना ती चढण पायी चढायच्या भानगडीत पडू नका. गाडी घेऊन गेलात तर हॉय रोडवरची बहुमजली पार्किंगची इमारत रिंकपासून, म्हणजे हॉकीच्या बर्फाच्या मैदानापासून, जवळ पडते.

रिंकचं नाव लायना. 1957 साली बांधलेली, चार हजारांहून थोड्या जास्त प्रेक्षकांची जागा. बाहेरून बघितलं तर एखादं जुनं गोदाम वाटेल. आत छत खालीच आहे, त्यामुळे आवाज वर जाऊन विरत नाही, परत अंगावर येतो. एका लांब बाजूला विद्यार्थी, समोर गावातली जुनी मंडळी, ज्यांच्या घरात सीझन तिकीट वर्षानुवर्षं चालत आलंय. विद्यार्थ्यांच्या बाजूला कोणी बसत नाही, सगळे सामनाभर उभेच. आईवडील भारतातून आले असतील, गुडघे दुखत असतील, तर समोरच्या बाजूचीच तिकिटं घ्या. आणि कपडे बाहेरच्या थंडीसाठी घालता तेच आतही राहू द्या. बर्फ तुमच्यापासून काही फुटांवर असतो, पायातून गारवा चढतो. जाड मोजे आणि हातमोजे लागतातच. मात्र हातमोजे घालून टाळ्या वाजत नाहीत, हे पहिल्या गोलला लक्षात येईल.

सामना सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं चुकवू नका. निवेदक पाहुण्या संघातल्या खेळाडूंची नावं वाचायला लागतो आणि विद्यार्थ्यांच्या बाजूला एकदम शेकडो वर्तमानपत्रं उघडतात. पोरं पेपर तोंडासमोर धरून वाचत असल्यासारखी उभी राहतात. प्रत्येक नावानंतर पेपर जोरात फडफडवायचा आणि "बोअरिंग!" म्हणून ओरडायचं. माझ्या पुढे उभी असलेली एक मुलगी खरोखरच शब्दकोडं सोडवत होती, पेन्सिल कानामागे अडकवून. मग कॉर्नेलचा संघ बर्फावर उतरतो आणि त्याच पेपरांचे गोळे आणि तुकडे होऊन हवेत उडतात. राष्ट्रगीतात "रेड" हा शब्द आला की सगळी रिंक तेवढा एकच शब्द दणकून म्हणते, कारण संघाला सगळे बिग रेड म्हणतात. भाच्यानं मला आधीच बजावलं होतं, "मावशी, उद्या तुझा आवाज बसला नाही तर तू मॅच बघितलीच नाहीस असं समज." बसला.

हार्वर्डविरुद्धच्या सामन्याची गोष्ट वेगळी आहे. 1970 च्या दशकात हार्वर्डच्या प्रेक्षकांनी त्यांच्या रिंकमध्ये कॉर्नेलच्या गोलरक्षकाकडे मेलेली कोंबडी फेकली. कॉर्नेलमध्ये शेतकीचं कॉलेज आहे, त्यावरून हे चिडवणं. बॉस्टनच्या बाजूचे लोक कोळी, म्हणून लायनामध्ये हार्वर्डचं स्वागत मासे फेकून झालं, आणि ती प्रथा आजपर्यंत टिकली. मासे कोटाच्या आत दडवून आणतात. तुम्ही मात्र यात पडू नका. सामना थांबतो, घरच्या संघाला दंड होऊ शकतो आणि पकडलं गेलं तर बाहेर काढतात. फेकणाऱ्यांच्या शेजारी उभे राहिलात तरी कोटाला वास लागतो, तेव्हा चांगला कोट गाडीत ठेवून जुना घाला. या सामन्याची तिकिटं सगळ्यांत आधी संपतात, म्हणून वेळापत्रक जाहीर झालं की विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून लगेच काढून ठेवावीत.

हा खेळ पहिल्यांदा बघणाऱ्यांना पकच दिसत नाही. तीन इंच व्यासाची काळी चकती, बघता बघता इकडून तिकडे. पकचा पाठलाग सोडून द्या आणि खेळाडूंची वळणं बघा, पक कुठे जाणार ते आपोआप कळायला लागतं. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात. बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे गोलरक्षक धरून सहा जण आणि गोलरक्षक सोडून बाकीचे पाऊणएक मिनिटात बदलतात, खेळ चालू असतानाच कठड्यावरून उड्या मारून. कुणाला दोन मिनिटांची शिक्षा झाली की त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो आणि त्या दोन मिनिटांत सामना फिरतो. कॉलेजमध्ये तोंडावर जाळी सक्तीची आहे आणि मारामारी केली तर खेळाडू सरळ बाहेर जातो, त्यामुळे लहान मुलांना न्यायला हरकत नाही.

शेफरच्या कॉर्नेलचा खेळ गोलांचा पाऊस पाडणारा नव्हता. समोरच्याला मध्यापर्यंत येऊच द्यायचं नाही, कठड्याशी दाबायचं, कोपऱ्यात अडकवून ठेवायचं आणि एखाद-दुसऱ्या गोलवर जिंकायचं. पुष्कळांना हे रटाळ वाटतं. मला नाही वाटत. रणजी सामन्यात सकाळच्या पहिल्या तासातली टिच्चून गोलंदाजी ज्यांना आवडते, त्यांना यातला आनंद लगेच कळेल. गोलरक्षकाचा मान इथे मोठा आहे तो याचमुळे. नामवंत गोलरक्षक केन ड्रायडन इथलाच. 1966 ते 69 या तीन हंगामांत त्याच्या खात्यावर 76 विजय, 4 पराभव आणि एक बरोबरी. 1967 चं राष्ट्रीय विजेतेपद त्याच्या काळातलं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये तो गेला. त्याच्या जर्सीचा 1 नंबर कॉर्नेलनं 2010 मध्येच निवृत्त केला होता, तो आता कुणालाच मिळत नाही.

मुलींच्या संघाचे सामनेही याच रिंकवर होतात आणि ते बघायलाच हवेत. गर्दी कमी असते, कठड्यालगत जागा मिळते, खेळाडूंचं एकमेकींशी बोलणं ऐकू येतं. 2025 मध्ये हा संघ देशातल्या शेवटच्या चारांत पोचला होता. वीकेंडला दोन्ही संघ घरी असतील तर दुपारी एक, संध्याकाळी एक असं जमवता येतं. मधल्या वेळेत टॉवर रोडवरचा विद्यापीठाचा डेअरी बार गाठा. तिथलं आइस्क्रीम विद्यापीठातच बनतं, आणि थंडीतही लोक ते खातात. सकाळी टॉघॅनॉकचा धबधबा बघून या. 215 फुटांचा, नायगऱ्याहून उंच, आणि कडाक्याच्या थंडीत अर्धाअधिक गोठलेला. वरच्या रस्त्यावरून बघण्याची जागा गाडीतून उतरल्या उतरल्या आहे. घळईच्या काठावरच्या पायवाटा मात्र हिवाळ्यात बंद असतात, पाट्या बघून मागे फिरा.

आता हंगामाकडे. दुखापतींनी संघ पार खिळखिळा झाला होता. बारा कॉलेज संघांच्या ईसीएसी लीगमध्ये कॉर्नेल सहाव्या क्रमांकावर राहिलं. राष्ट्रीय स्पर्धेत शिरायचं तर आता एकच दार उघडं होतं, लीगची बाद फेरी जिंकणं. लायनामधली जुनी मंडळी खांदे उडवून म्हणत होती, "मार्च येऊ दे." आणि मार्चमध्ये हा संघ बदलला. शेजारच्या हॅमिल्टन गावात जाऊन त्यांनी कोलगेटला त्यांच्याच रिंकवर मालिकेत हरवलं आणि लीगच्या अंतिम फेऱ्या जिथे होतात त्या लेक प्लॅसिडचं तिकीट काढलं. आमचंही निघालं.

लेक प्लॅसिडला न्यू जर्सीहून जायचं तर 87 नंबरनं थेट उत्तरेला, एक्झिट 30 ला उतरून 73 नंबरच्या रस्त्यानं कीन व्हॅलीमार्गे. इथाकाहून निघालात तर सिरॅक्यूज, युटिका, ओल्ड फोर्ज, लाँग लेक, टपर लेक असा अ‍ॅडिराँडॅकच्या जंगलातून रस्ता आहे, पाचएक तासांचा. देखणा रस्ता, पण मैलोन्‌मैल मोबाइलला रेंज नाही आणि पेट्रोल पंप विरळ. युटिकाला टाकी भरा, नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा. हरणं रस्त्यावर येतात, संध्याकाळी वेग आवरता ठेवा. गावातली हॉटेलं त्या दोन दिवसांत भाव वाढवतात. पंधरा किलोमीटरवरच्या सॅरनॅक लेकमध्ये राहिलो ते बरं पडलं. खोली घेताना ती रद्द करता येईल अशीच घ्या, कारण आपला संघ पोचणार की नाही हे जेमतेम आठवडाभर आधी कळतं.

अंतिम फेऱ्या होतात त्या हर्ब ब्रुक्स अरीनात. 22 फेब्रुवारी 1980 ला हिवाळी ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजवयीन पोरांनी सोव्हिएत संघाला 4-3 हरवलं ते इथेच. कॉर्नेलचं नातं तर त्याहून जुनं. 1970 चं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी याच गावात, क्लार्कसनला 6-4 हरवून जिंकलं. त्या हंगामात 29 सामने, 29 विजय. पुरुषांच्या कॉलेज हॉकीत एकही पराभव किंवा बरोबरी न घेता राष्ट्रीय विजेता झालेला दुसरा संघ अजून झालेला नाही. सामन्याच्या दिवशी सकाळी ऑलिम्पिक सेंटरमधलं संग्रहालय बघा आणि बाहेरच्या उघड्या स्केटिंगच्या ट्रॅकशी पाच मिनिटं थांबा. एरिक हायडननं 1980 मध्ये स्केटिंगची पाच सुवर्णपदकं त्या बर्फावर घेतली.

शुक्रवारी दोन उपांत्य सामने लागोपाठ असतात, दिवस लांबतो. मधल्या वेळेत बाहेर मेन स्ट्रीटवर पोटभर खाऊन घ्या, आत रांगा लागतात. आमच्यासमोर लीगमधला पहिल्या क्रमांकाचा क्विनिपिॲक होता. कॉर्नेल जिंकलं. शनिवारी अंतिम सामन्यात पुन्हा क्लार्कसन, पंचावन्न वर्षांनी त्याच गावात. 3-1. क्लार्कसन तिथून जवळ, त्यांचे प्रेक्षक भरपूर, तरी आमच्या कोपऱ्यातून बँड आणि काऊबेल, म्हणजे हातातल्या घंटा, थांबत नव्हत्या. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा माझ्या शेजारचे सत्तरीचे गृहस्थ डोळे पुसत होते. त्यांनी 1970 चा सामनाही बघितलेला होता. "दोन्ही वेळा क्लार्कसन," एवढंच म्हणाले आणि माझ्या हातात त्यांची काऊबेल देऊन स्वतः टाळ्या वाजवायला लागले. कॉर्नेलचं हे लीगचं चौदावं विजेतेपद. आदल्या वर्षीचंही त्यांचंच होतं.

पुढचं मी घरी बसून बघितलं. ओहायोतल्या टोलीडोला राष्ट्रीय स्पर्धेत देशात दुसरं मानांकन असलेल्या मिशिगन स्टेटला कॉर्नेलनं 4-3 हरवलं, विजयी गोल शेवटच्या काही सेकंदांत. पुढच्या सामन्यात बॉस्टन युनिव्हर्सिटीकडून 3-2 अशी हार झाली, तीही जादा वेळेत, आणि शेफर यांची कारकीर्द तिथे संपली. सहाव्या क्रमांकाच्या संघानं आपल्या प्रशिक्षकाला यापेक्षा चांगला निरोप कसा दिला असता, मला सुचत नाही. आता सूत्रं केसी जोन्स यांच्याकडे आहेत, तेही कॉर्नेलचेच माजी खेळाडू.

ज्यांना इथाकापर्यंत जाणं एकदम जमणार नाही, त्यांनी न्यूयॉर्कपासून सुरुवात करावी. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी कॉर्नेलचा संघ मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खेळायला येतो. 2007 पासून दर विषम वर्षी समोर बॉस्टन युनिव्हर्सिटी असते. न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी पेन स्टेशनला सोडते आणि गार्डन बरोबर त्याच्या वर आहे, थंडीत चालायलासुद्धा लागत नाही. दोन्ही संघांचा रंग लाल-पांढरा, त्यामुळे तिकीट काढताना कॉर्नेलचा बँड कोणत्या टोकाला बसणार याची चौकशी करा आणि त्याच बाजूची जागा घ्या.