जुन्या बोटीला इंजिन कितीचं टाकायचं?

जुनी मोटारबोट स्वस्तात हाती लागली की पहिला प्रश्न ठरलेला: "हिला कितीचं इंजिन टाकू?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एचपीचा आकडा सगळ्यात शेवटी येतो. आधी वजनकाटा, मग बोटीची मागची फळी, मग पाणी.

कागदावरच्या वजनावर विसंबू नका. जुन्या फायबर बोटीच्या फरशीखाली भरलेला फोम वर्षानुवर्षं पाणी पितो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बोट ट्रेलरवर चढवा, कांद्याच्या गाड्या तोलतात त्या काट्यावर न्या, नंतर रिकामा ट्रेलर तोला. कागदावर 350 किलो असलेली बोट 430 भरली, तर ओला फोम काढेपर्यंत इंजिन बघायला जाऊच नका.

ती 350 च भरली असं धरू. पाच माणसांचे 375, चार-स्ट्रोक आउटबोर्डचे (मागच्या फळीवर बाहेरून लटकणाऱ्या इंजिनाचे) 97, बॅटरीचे 20, पंचवीस लिटर पेट्रोलचे 18, जॅकेट-नांगर-दोर मिळून 30. बेरीज 890. वेग घेतल्यावर पाण्यावर उचलली जाणारी बोट असेल तर दर 20 ते 25 किलोमागे एक एचपी लागतो. म्हणजे 40 चं इंजिन. बोट नाशिकच्या धरणात चालणार, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे आणि दर 100 मीटरला साधारण एक टक्का ताकद जाते, म्हणून 40 चं इंजिन इथे 37-38 चंच काम करतं. एवढी घट प्रोपेलर बदलून सांभाळता येते, त्यासाठी 60 चं इंजिन घ्यायची गरज नाही. बोटीवर कमाल एचपीची पट्टी असेल तर तो आकडा ओलांडायचा नाही.

गोल पोटाची, पाणी कापत जाणारी जड बोट असेल तर हा हिशोब विसरा. पाण्याला टेकलेली लांबी 20 फूट असेल तर ती सहा नॉटच्या, म्हणजे ताशी 11 किलोमीटरच्या आसपास अडते. त्यापुढे कितीही एचपी घाला, मागची लाट मोठी होते आणि डिझेल जळतं.

आता मागची फळी, म्हणजे ट्रान्सम. जुन्या बोटी इथेच फसवतात. दोन फायबरच्या थरांमध्ये प्लायवूड असतं आणि जुन्या बोल्टच्या भोकांतून त्यात पाणी शिरतं. हातोडीच्या लाकडी दांड्याने इंचाइंचावर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तिथे आतल्या बाजूने 5 मिमीचं भोक पाडा. ड्रिलला कोरडा, पिवळसर भुसा आला पाहिजे. काळा, चिकट, कुबट वासाचा लगदा आला तर फळी गेली. वरून फायबरचा पॅच मारून ती वाचत नाही. फुल थ्रॉटलला इंजिन फळीसकट मागे कलतं. आतला थर कापून IS 710 या भारतीय मानकाचं मरीन प्लाय, 18 मिमीचे दोन थर, इपॉक्सीत बसवावे लागतात. बोल्टची भोकं आधी मोठी पाडायची, इपॉक्सीने भरायची, सुकल्यावर मधोमध बोल्टच्या मापाचं भोक घ्यायचं. म्हणजे उद्या सील सुटलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. सीलला पॉलियुरेथेन वापरा, सिलिकॉन नको.

फळी नवी झाली तरी वजनाचा प्रश्न राहतो. जुन्या बोटी दोन-स्ट्रोकच्या काळातल्या. 40 एचपीचं दोन-स्ट्रोक साधारण 70-75 किलोचं, चार-स्ट्रोक 95 ते 100 चं. ते पंचवीस किलो अगदी टोकाला लटकतात, मागचा भाग बसतो आणि फरशीतलं पाणी बाहेर जायची भोकं पाण्याखाली जातात. बॅटरी आणि टाकी पुढे सरकवली की बरंच निभावतं. तरीही दोन-स्ट्रोक घेऊ नका. कार्ब्युरेटरच्या दोन-स्ट्रोकमधून जवळपास पाव हिस्सा पेट्रोल न जळताच तेलासकट पाण्यात जातं आणि गंगापूर धरणाचं पाणी नाशिक शहर पितं. जलसंपदा विभागाची परवानगी आणि बोटीच्या नोंदणीतला बदल, दोन्ही इंजिन विकत घेण्याआधी विचारून घ्या.

उन्हाळ्यात धरण उतरलं की काळा खडक वर येतो. इनबोर्डचा, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाचा, शाफ्ट आणि प्रोपेलर पोटाखाली कायमचे अडकलेले असतात, आउटबोर्ड उचलता येतं. इथे आउटबोर्डच बरं. गोदावरीच्या पात्रात पाणवेली वेगळा त्रास देतात: इंजिन थंड ठेवायला पाणी ओढायची जाळी बुजते, पंपाचं रबरी इम्पेलर कोरडं फिरून जळतं. इंजिनाच्या मागून पाण्याची धार येतेय का, याकडे सतत लक्ष हवं.

जीपचं नाहीतर गाडीचं पेट्रोल इंजिन स्वस्तात बसवून देणारे भेटतील. नको म्हणा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साठते. मरीन इंजिनाचा स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर पडू नये असे बनवलेले असतात, गाडीचे तसे नसतात.

शाफ्टची लांबी फळीच्या माथ्यापासून तळापर्यंत मोजा: 15 इंची, 20 इंची, 25 इंची. प्रोपेलरवरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत हवी. वर राहिली तर प्रोपेलर हवा ओढतो. जुने पेट्रोल पाइप आणि कंट्रोल केबल फेकून द्या. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकेत मर्यादा 10 टक्क्यांची असते. पुस्तिका आधी वाचा, पाणी वेगळं करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर लावा आणि टाकीत महिनोन् महिने पेट्रोल ठेवू नका.

शेवटी प्रोपेलर. पाचही माणसं बसवून फुल थ्रॉटल द्या आणि टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाचे फेरे, म्हणजे आरपीएम, दाखवणारा काटा) बघा. पुस्तिकेत 5000 ते 6000 आरपीएम लिहिलंय आणि काटा 4700 ला अडतोय, तर पिच, म्हणजे प्रोपेलर एका फेऱ्यात हिशोबाने जेवढा पुढे सरकतो ते अंतर, जास्त आहे. एक इंच पिच कमी केली की साधारण 200 आरपीएम वाढतात. 13 ची काढून 11 ची लावा आणि तेवढ्याच वजनावर पुन्हा चालवून बघा.